जुनी मोटार घेताना

आमचे इचोडा गाव नागपूर–हैदराबाद महामार्गावर वसलेले असून, आदिलाबाद ओलांडून पैनगंगेचा पूल लागला की महाराष्ट्राची हद्द सुरू होते. पलीकडची जुनी मोटार स्वस्त मिळते असे ऐकून मोह होणे साहजिक आहे. परंतु अशा वेळी रंगाआधी कागद पाहावेत, असे आम्हांस वाटते.

नोंदणीपत्रातील क्रमांक चासीवर व इंजिनावर कोरलेल्या क्रमांकांशी जुळतात काय, कर्जाचा बोजा उतरला आहे काय, हे ताडून पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये परराज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे राहिल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. शिवाय तेलंगणाचा आजीवन कर निराळाच! तो हिशेबात धरला म्हणजे स्वस्ताई पुष्कळदा विरून जाते.

मग यंत्राकडे वळावे. इंजिन थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. तापलेले इंजिन आपले दोष झाकून ठेवते. निळसर धूर ही तेल जळत असल्याची खूण होय. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसल्यास तेलात पाणी मिसळले असण्याचा संभव असतो. चटया उचलून गंजही पाहावा.

विकणाराच नोंदणीतील मालक आहे काय, हे मात्र अवश्य विचारावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार, मोटार कितीही हातांतून फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव असेल त्याच्यावरच राहते.