समजूतदार स्वभाव पुरत नाही

बारावीचा निकाल लागला की मानसशास्त्र विभागात पालकांची वर्दळ सुरू होते. त्यांचे प्रश्न दरवर्षी थोड्याफार फरकाने तेच असतात. ‘हिच्या मैत्रिणी सगळं हिलाच सांगतात, स्वभावही समजूतदार आहे, मग हिला सायकॉलॉजी जमेल ना?’ किंवा अगदी दुसऱ्या टोकाचा, ‘यात पुढे आहे काय? वेड्यांच्या इस्पितळातच नोकरी करायची का?’ दोन्ही प्रश्न काळजीपोटी येतात, म्हणून त्यांना सरळ उत्तर मिळायला हवे. मानसशास्त्र शिकवणे आणि त्याची प्रॅक्टिस करणे हे करिअर म्हणून कसे आहे, याबद्दलचे आपल्याकडचे बहुतेक समज ऐकीव आहेत. त्यांतले काही निरुपद्रवी आहेत. काहींपायी मात्र मुलांची उमेदीची वर्षे वाया जातात आणि मदतीसाठी आलेल्या माणसाचे नुकसान होते.

‘ज्याला ऐकून घेता येतं, तो समुपदेशक होऊ शकतो’

सर्वांत खोल रुजलेला समज हाच. ऐकून घेण्याची वृत्ती हवीच, पण व्यवसायाची सुरुवात तिच्या पुढे होते.

एम.ए.च्या वर्गात भूमिकाभिनय घेतला जातो. एक विद्यार्थी सल्लार्थी होतो, दुसरा समुपदेशक. सल्लार्थी म्हणतो, ‘नोकरी गेल्यापासून कुणाशी बोलावंसंच वाटत नाही.’ समोरच्या मनमिळाऊ, समजूतदार विद्यार्थ्याच्या तोंडून मिनिटभरात येते, ‘काळजी नका करू, दुसरी मिळेल. सकारात्मक विचार करा.’ संवाद तिथेच संपतो. सल्लार्थीची भूमिका करणारा ‘हो’ म्हणतो आणि गप्प होतो. मित्राने दिला तर हा दिलासा ठीकच आहे, पण फी देऊन आलेल्या माणसाला तो कुठेही घेऊन जात नाही. मग तोच प्रसंग पुन्हा घ्यायचा. या वेळी विचारायचे, ‘नोकरी कधी गेली? घरात कुणाला माहीत आहे? झोप लागते का? सकाळी उठल्यावर दिवस कसा जातो?’ यातला प्रत्येक प्रश्न काहीतरी शोधत असतो. झोप, भूक, कामातला रस, एकाग्रता, किती आठवडे हे चालू आहे, यावरून प्रसंगाने आलेले दुःख आणि नैराश्याचा आजार यांतला फरक हळूहळू स्पष्ट होतो. उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न न टाकता थांबणे तर आणखी अवघड. विद्यार्थ्यांना शांततेची फार भीती वाटते, आणि ती जाण्यासाठी तालीम लागते.

याच वर्गात आणखी एक समज मोडावा लागतो, आणि त्याबाबत हयगय चालत नाही. आत्महत्येचा विषय काढला तर समोरच्याच्या डोक्यात तो विचार शिरेल, असे बहुतेकांना वाटते, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही. आजवरच्या संशोधनातून याला आधार मिळालेला नाही. काळजीने, थेट शब्दांत विचारल्याने आत्महत्येचे विचार वाढत नाहीत, उलट अनेकांना मोकळे वाटते. म्हणून विद्यार्थ्यांनी हे वाक्य मोठ्याने, न अडखळता म्हणायला शिकायचे असते, ‘जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येकाचा आवाज बसतो. कुणी ‘तसं काही वाटत नाही ना?’ असे विचारतात. या नकारार्थी प्रश्नाला समोरचा माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आले तर पुढे काय विचारायचे, माणसाला एकटे का सोडायचे नाही, नातेवाइकांना कधी सांगायचे, मनोविकारतज्ज्ञाकडे कधी पाठवायचे, सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा चोवीस तास चालणारा क्रमांक कसा द्यायचा, हे सगळे शिकवावे लागते. जन्मजात समजूतदारपणातून यातले काहीच आपोआप येत नाही.

‘एम.ए. झालं की पाटी लावता येते’

विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. औषधे तो देतो. मानसशास्त्रज्ञ औषधे लिहून देत नाही, कितीही वर्षांचा अनुभव असला तरी. त्याचे काम चाचण्या, निदानाला मदत आणि मानसोपचार. त्यातही ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ ही कायद्याने ठरवलेली ओळख आहे. 1992च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी लागते. नोंदणी नसताना असा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्या कायद्यात आहे. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या व्याख्येतही परिषदेची मान्यता किंवा एम.ए.नंतरचा दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. आणि देखरेखीखाली केलेले प्रत्यक्ष काम अपेक्षित आहे. नुसत्या एम.ए.ने ही ओळख मिळत नाही.

सध्या ही चौकट बदलते आहे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद केले, तरी चिकित्सालयीन मानसशास्त्रासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025-26च्या सत्रापर्यंत मुदत वाढवून दिली. समुपदेशन आणि मानसशास्त्राच्या इतर शाखांसाठी 2021मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा वेगळा राष्ट्रीय आयोग कायद्याने आला. त्या कायद्याचा आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट 2025च्या सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली. नोकरी सांभाळून पत्राद्वारे एम.ए. करण्याचा बेत असलेल्यांना हा मोठा धक्का होता. त्यांची अडचण मला कळते. तरीही प्रत्यक्ष रुग्णासमोर न बसता, कुणी आपले काम तपासल्याशिवाय हा व्यवसाय शिकता येत नाही, या मतावर मी ठाम आहे. प्रवेश घेण्याआधी पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः पाहावी. संस्थेच्या माहितीपत्रकावर किंवा एजंटच्या शब्दावर विसंबू नये. तीन किंवा सहा महिन्यांच्या ‘सर्टिफाइड थेरपिस्ट’ कोर्सने कायद्याच्या दृष्टीने कोणीही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही.

‘चेहरा पाहून मन ओळखतात’

लग्नकार्यात ‘मग सांगा बरं माझ्या मनात काय चाललंय’ असे विचारणारे भेटतात. माणूस खोटे बोलतो आहे की खरे, हे नुसते पाहून ओळखण्याच्या क्षमतेवर भरपूर संशोधन झाले आहे. 2006मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा सरासरी अचूकता सुमारे 54 टक्के निघाली, म्हणजे छापाकाट्यापेक्षा किंचित जास्त. मानसशास्त्राच्या पदवीने ही शक्ती वाढत नाही. मन कळते ते विचारल्याने, ऐकल्याने आणि मोजल्याने.

यातल्या मोजण्याच्या भागाकडे लोकांचे लक्ष सहसा जात नाही. वेक्सलरच्या बुद्धिमापन संचात अंकांची मालिका लक्षात ठेवण्याची एक उपचाचणी असते. परीक्षकाने सेकंदाला एक या गतीने अंक म्हणायचे आणि शेवटच्या अंकावर आवाज थोडा खाली आणायचा. चार अंक एका दमात म्हणून मग श्वास घेतला, तर ऐकणाऱ्याला आपोआप गट पाडून मिळतात आणि गुण वाढतात. मुलाने बरोबर सांगितल्यावर आनंदाने ‘शाब्बास’ म्हटले आणि चुकल्यावर गप्प राहिले, तरी चाचणी बिघडते. या एवढ्या साध्या वाटणाऱ्या कामात विद्यार्थ्यांना हात बसायला आठवडे लागतात. चुकीच्या पद्धतीने काढलेला बुद्ध्यंक अहवालात छापला जातो आणि मूल वर्षानुवर्षे तो आकडा पाठीवर वाहते, हे त्यांच्या मनावर ठसवावे लागते.

याउलट बोटांचे ठसे घेऊन मुलाचा ‘कल’ सांगणाऱ्या डीएमआयटी नावाच्या प्रकारावर पालक हजारो रुपये घालवतात. शाळांमध्येही त्याची शिबिरे होतात. बोटांवरच्या रेषांवरून बुद्धी किंवा अभिरुची सांगता येते याला शास्त्रीय आधार नाही. अहवाल चकचकीत असतो, रंगीत आलेख असतात, आणि त्यात कुणालाही लागू पडतील अशी वाक्ये असतात. जो चाचणीची विश्वसनीयता आणि वैधता कशी तपासतात हे एकदा शिकला आहे, त्याने अशा शिबिरात उभे राहू नये.

‘जमलं नाही तर शिकवायचं आहेच’

अध्यापन म्हणजे प्रॅक्टिस न जमणाऱ्यांचा आडोसा, असा एक अन्यायकारक समज आहे. भारतात मानसशास्त्र आले तेच विद्यापीठातून. कोलकाता विद्यापीठात 1916मध्ये हार्वर्डहून शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्याकडे या विषयाचा विभाग सोपवला गेला. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात बिने चाचणीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केले. बिने-कामत नावाने ती चाचणी पुढे कित्येक दशके बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली गेली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती इकडे रुजवणारे मुंबईचे कि. मो. फडके यांनी तर उपचारांइतकेच आयुष्य प्रशिक्षणाला दिले. शिकवणे आणि उपचार करणे यांच्यात अशी येजा पूर्वीपासून आहे.

शिकवण्याचे कौशल्यही वेगळे कमवावे लागते. बी.ए.च्या प्रात्यक्षिकात आरशात पाहून तारा गिरवण्याचा प्रयोग असतो. कागद पडद्याआड आणि विद्यार्थ्याला दिसते ते फक्त आरशातले प्रतिबिंब. पेन्सिल हमखास उलट दिशेला जाते, मुले हसतात, वैतागतात. दहाव्या प्रयत्नापर्यंत वेळ आणि चुका दोन्ही उतरलेल्या असतात, आणि मग दुसऱ्या हाताने काढायला सांगितले तर तो हातही काही प्रमाणात शिकलेला आढळतो. ‘हे तर सगळं कॉमन सेन्सच आहे’ म्हणणाऱ्या मुलाला दुसऱ्या हाताचे काय होईल हे आधीच विचारून ठेवावे. अंदाज आणि स्वतःचा आलेख शेजारी ठेवला की शास्त्र म्हणजे काय हे त्याला कळू लागते.

या वाटेवरच्या अडचणी मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीत 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पात्रता मिळवूनही अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. सत्र संपले की मानधन बंद, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. अशा असुरक्षिततेत राहून मुलांना मानसिक स्वास्थ्य शिकवायचे, ही स्थिती बदलायला हवी.

दोन्ही कामे करू इच्छिणाऱ्यांनी एक मर्यादा आधीच समजून घ्यावी. वर्गातला विद्यार्थी कितीही विश्वासाने आला, तरी त्याच्यावर आपण स्वतः उपचार करायचे नाहीत. ज्याच्या हातात गुण आहेत, त्याच्यासमोर कोणी पूर्ण मोकळेपणाने बोलू शकत नाही. तातडीचे असेल तेवढे ऐकावे, आधार द्यावा आणि बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवावे.

‘अनुभवाने हात आपोआप बसतो’

याचे उत्तर अनेकांना खटकते. सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2016मध्ये 170 थेरपिस्ट आणि त्यांच्याकडे आलेल्या साडेसहा हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. वर्षे वाढली म्हणून परिणाम सुधारले असे सरासरीत दिसले नाही, उलट अगदी किंचित घसरण दिसली. काही थेरपिस्ट मात्र सुधारतही गेले होते. म्हणून परदेशात तसेच आपल्याकडेही जाणते व्यावसायिक वरिष्ठांकडून आपली प्रकरणे नियमित तपासून घेतात, सल्लार्थीचे नाव-गाव झाकून, अनेकदा स्वतःच्या खिशातून फी देऊन. नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्याने जागेच्या भाड्याइतकाच हा खर्च धरून चालावे. पहिली काही वर्षे उत्पन्न बेताचेच असते.

राहिला ‘स्कोप’चा प्रश्न. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात त्या वेळी 10.6 टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसशास्त्रज्ञाचे पद असते, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत असते. जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्यास सांगितले. कामाची कमतरता नाही. कमतरता आहे ती नीट तयार झालेल्या माणसांची, आणि मराठीत तयार झालेल्या साधनांची. आजही कितीतरी चाचण्या इंग्रजीतून तिथल्या तिथे तोंडी भाषांतर करून दिल्या जातात आणि गुण मात्र दुसऱ्याच देशातल्या लोकसंख्येच्या मानकांशी ताडले जातात. बीड किंवा गडचिरोलीच्या मुलासाठी मराठीत प्रमाणित केलेली स्मरणशक्तीची किंवा अध्ययन अक्षमतेची चाचणी तयार करायला प्राध्यापक, संशोधक आणि रुग्णालयातला मानसशास्त्रज्ञ असे तिघेही लागतात. विभागात प्रवेशासाठी आलेल्या समजूतदार मुलीला मी हे काम आवर्जून सांगतो, आणि सोबत संख्याशास्त्राचे पुस्तक देतो.