धारप की मतकरी?

मराठी भयकथेचा विषय निघाला की वाचकांचे दोन तट पडतात. नारायण धारपांच्या चाहत्यांना त्यांच्या कथांमधले समर्थ हवेत: संकट कितीही अमानवी असो, हा माणूस मार्ग काढणारच. रत्नाकर मतकरींच्या वाचकाला नेमका तोच दिलासा नको असतो. ‘गहिरे पाणी’तली साधीसुधी माणसंच बघता बघता भलतं काही करून बसतात.

धारपांवर उसनवारीचा आक्षेप जुनाच. ‘शपथ’मागे स्टीफन किंगची ‘इट’, ‘आजी’मागे त्याचीच ‘ग्रॅमा’. आक्षेप खरा, पण म्हणून कुणी धारप वाचायचे सोडले नाहीत! उलट ‘आजी’नेच २०१८च्या ‘तुंबाड’मधल्या साखळदंडांनी जखडलेल्या म्हातारीला जन्म दिला.

राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०२४मध्ये पुन्हा लागला, आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला.