सॅन सबाच्या शेतापासून तेलाच्या शिखरापर्यंत : एम. किंग हबर्ट

टेक्सासमधील सॅन सबा येथे १९०३ मध्ये जन्मलेले व शेतावर वाढलेले भूशास्त्रज्ञ हबर्ट यांनी शिकागो विद्यापीठात शिक्षण घेतले, १९३८ मध्ये मिरियम बेरी यांच्याशी विवाह केला आणि पुढे ह्यूस्टनमध्ये शेल कंपनीसाठी संशोधन केले. मर्यादित साठ्यातील उत्पादन शिखर गाठून घटू लागते, या तत्त्वावरून अमेरिकेचे तेलशिखर १९७० च्या सुमारास येईल, असे त्यांचे १९५६ चे भाकीत खरे ठरले. त्याहूनही मूलगामी कार्य मात्र १९५७ चे मानावे लागेल : जलभंजनात, म्हणजे दाबाखालील द्रवाने खडक फोडताना, भेग सर्वांत कमी प्रतिबलाच्या (खडकातील अंतर्गत दाबाच्या) दिशेशी काटकोनात उघडते, हे त्यांनी डेव्हिड विलिस यांच्यासह दाखवले, आणि याच तंत्राला आडव्या विहिरींची जोड देऊन अमेरिकेने २०१८ मध्ये ते जुने शिखर ओलांडले.