वातरक्त आणि आमसूल : अर्क वेगळा, सरबत वेगळे
इस्लामपूरचा परिसर उसाचा. आमसूल येथे घाट चढून कोकणातून येते. वातरक्ताचा रुग्ण कोकम सरबताविषयी विचारतो, तेव्हा वैद्याने काय सांगावे?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात (अध्याय २९) अम्ल व लवण रस वातरक्ताच्या हेतूंत गणले आहेत. तरीही वृक्षाम्लाकडे लक्ष जाते, ते त्यातील गार्सिनॉल व अँथोसायनिन यांमुळे. झँथिन ऑक्सिडेज हे विकर यूरिक ॲसिड तयार करते. ॲलोप्युरिनॉल त्यालाच रोखते. वनस्पतिद्रव्ये तसे करतात काय, हे प्रयोगनळीत तपासता येते. मात्र अर्क कशात काढला, हे आधी विचारावे. गार्सिनॉल स्नेहात विरघळणारे. अल्कोहोलमध्ये ते उतरते, पाण्यात फारसे नाही. अँथोसायनिन पाण्यात उतरतात. तेव्हा अल्कोहोल-अर्काचा निष्कर्ष सरबताच्या बाटलीवर छापणे औषधविक्रेत्यांना शोभणारे नाही. शिवाय आगळात मीठ, सरबतात साखर! साखरेतील फ्रुक्टोजमुळे यकृतात यूरिक ॲसिडची निर्मिती वाढते. उसाच्या मुलखात हे सांगणे अप्रिय खरे, तरी सांगावेच.

ॲलोप्युरिनॉल चालू असलेल्या रुग्णाचे औषध आमसुलाच्या भरवशावर थांबवू नये. रक्तातील यूरिक ॲसिड १०० मिलिलिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या खाली राहते काय, हे वेळोवेळी मोजून घ्यावे.