‘पिशवी काढली’ म्हणजे नेमकं काय काढलं? प्रश्नावली छापण्याआधी थोडं शब्दांविषयी

नांदेड-लातूरकडे समाजशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान, अर्थशास्त्र अशा विषयांतून पीएच.डी.ला येणाऱ्यांपैकी काही जण ‘ग्रामीण महिलांचे आरोग्य’ हा विषय घेतातच. त्यातले बहुतेक जण विज्ञान शाखेचे नसतात, आणि त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते प्रश्नावलीत. ‘आपली गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का? होय / नाही’ असा एक प्रश्न टाकला जातो, दोनशे-तीनशे बाया त्याचं उत्तर देतात, टक्केवारी निघते आणि तक्ता तयार होतो. ही टक्केवारी नेमकी कशाची आहे, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

का ते बघा. या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या चार बाया घ्या. पहिलीचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय. आपल्याकडे नुसतं ‘ऑपरेशन’ म्हटलं तरी बऱ्याचदा तेच समजतात. त्यात गर्भाशयाला हातही लागत नाही, बीजवाहक नळ्या बांधतात किंवा कापतात. त्याला ट्युबेक्टॉमी म्हणतात. दुसरी म्हणते, ‘पिशवी धुतली.’ म्हणजे गर्भाशयाच्या आतलं अस्तर किंवा अर्धवट पडलेल्या गर्भाचे अवशेष काढून टाकले. कागदावर ते ‘डी अँड सी’ असतं. पिशवी जागेवरच आहे. तिसरीचं सिझर झालंय. गर्भाशयाला खरोखर छेद गेलाय, त्यामुळे तिचं ‘हो’ तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात बरोबर आहे, पण तुम्हाला ते विचारायचंच नव्हतं. चौथीची पिशवी काढली, म्हणजे हिस्टरेक्टॉमी. तुम्हाला बहुधा ही एकटीच हवी होती.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार महिलांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातात, हा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) देशभरात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण 3.2 टक्के होतं. दोन आकडे शेजारी ठेवून लगेच भागाकार करू नका. दोन्हीकडचे वयोगट आणि गट एक नाहीत. पण फरक एवढा मोठा आहे की तो दुर्लक्षून चालणार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल आधीच घेतलेली, खाडा झाला तर पैसे कापले जाणार, फडावर ना आडोसा ना पाणी. अशात पाळीचा त्रास आणि अंगावरून पांढरं जाणं यावर ‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला बाईला पटतो, कारण तिला उद्या कामावर जायचं असतं. लातूर-नांदेडच्या तालुक्यांतूनही टोळ्या जातात. उद्या तुम्ही तिथे अशी पाहणी केली आणि नसबंदी, पिशवी धुणं, सिझर सगळं एकाच ‘हो’मध्ये मोजलं, तर तुमचा आकडा फुगेल. मग तो खोटा ठरवायला कुणाला कष्ट पडणार नाहीत, आणि त्याबरोबर खरी तक्रारही उडून जाईल.

आता कागदावरचे शब्द. ग्रीक-लॅटिन शब्द पाठ करण्यापेक्षा त्यांचे तुकडे ओळखा. ‘हिस्टर’ म्हणजे गर्भाशय, ‘सालपिंग’ म्हणजे बीजवाहक नळी, ‘ऊफर’ म्हणजे बीजांडकोश. शेवटी ‘एक्टॉमी’ असेल तर तो अवयव किंवा त्याचा भाग काढला. ‘ऑटॉमी’ असेल तर छेद दिला. ‘स्कोपी’ असेल तर आत पाहिलं. म्हणून हिस्टरेक्टॉमी आणि हिस्टरोटॉमी यांत एका अक्षराचा फरक दिसत असला, तरी एकीत गर्भाशय जातं, दुसरीत राहतं.

सगळ्यात फसवा शब्द ‘टोटल’. घरात कॅरीबॅगेत जपून ठेवलेल्या डिस्चार्ज कार्डावर ‘टीएएच’ लिहिलेलं असतं, म्हणजे पोटावरून केलेली टोटल हिस्टरेक्टॉमी. टोटल म्हणजे सगळंच काढलं असं वाटतं, पण तसं नाही. टोटल म्हणजे गर्भाशय आणि त्याचं मुख. बीजांडकोश काढले असतील तर पुढे ‘बीएसओ’ ही अक्षरं असतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि बीजांडकोश.

ही तीन अक्षरं संशोधनात फार महत्त्वाची आहेत. गर्भाशय काढलं की पाळी बंद होते, पण बीजांडकोश राहिले असतील तर ते संप्रेरकं तयार करत राहतात. बीजांडकोशही काढले, तर बत्तिशीतल्या बाईलाही एकदम रजोनिवृत्ती येते: अंगातून वाफा, झोप नाही, पुढे हाडं ठिसूळ. नैसर्गिक रजोनिवृत्तीची व्याख्या वेगळी आहे. दुसरं काही कारण नसताना सलग 12 महिने पाळी आली नाही, तरच ती रजोनिवृत्ती. म्हणून ‘पाळी येते का?’ या प्रश्नावर थांबू नका. ‘मावशी, पाळी आपोआप गेली की ऑपरेशननंतर?’ हे विचारा. बीजांडकोश काढले की नाहीत, हे मात्र बाईला विचारून कळेलच असं नाही. तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तिथे कार्डच बघावं लागतं, आणि कार्ड नसेल तर ‘माहीत नाही’ हा रकाना प्रामाणिकपणे भरावा.

बोलीभाषा मागास आणि पुस्तकी शब्द अचूक, असं समजू नका. ‘गर्भपात’ या पुस्तकी शब्दात आपोआप झालेला आणि करवून घेतलेला, दोन्ही बसतात. खेड्यातली बाई मात्र ‘पोट पडलं’ आणि ‘पोट पाडलं’ असे दोन सरळ वेगळे शब्द वापरते. माझं मत विचाराल तर प्रश्नावलीत तेच वापरावेत, ‘गर्भाशय उच्छेदन’ छापाचे शब्द ठेवू नयेत. फक्त दुसरा प्रश्न सासूसमोर, ओसरीवर बसून विचारायचा नाही. तसंच ‘अंगावरून जातं’ एवढंच ऐकून लिहू नका. लाल की पांढरं, हे विचारा. आणि ‘अंग बाहेर येतं’ हा तिसराच त्रास, म्हणजे गर्भाशय खाली सरकणं.

गरोदर बाईच्या कार्डावर ‘जी 4 पी 2 एल 2 ए 1’ असं काही दिसेल. जी म्हणजे आताची धरून एकूण गरोदरपणं, पी म्हणजे पूर्वीची बाळंतपणं, एल म्हणजे आज हयात असलेली मुलं, ए म्हणजे गर्भपात. पहिली मुलगी, दुसऱ्या खेपेला जुळं आणि त्यातलं एक गेलं, तिसऱ्या खेपेला तिसऱ्या महिन्यात पोट पडलं, आता चौथ्यांदा दिवस गेलेत, अशी ही बाई. जुळं झालं तरी पीमध्ये बाळंतपण एकच मोजतात. बहुतेक चुका इथेच होतात. पी आणि ए यांच्यातली रेषा सगळीकडे एकच नाही, हेही ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या पुस्तकांत ती बरीच वर्षं 28 आठवड्यांवर होती, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत 22 आठवडे किंवा 500 ग्रॅम वजन धरतात. 26 आठवड्यांचं मृत बाळ एका व्याख्येने बाळंतपण, दुसरीने गर्भपात. तुम्ही कुठली धरली, ते प्रबंधात लिहा.

राहिली शेवटच्या पाळीची तारीख. गर्भाचे दिवस तिच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, 280 दिवसांनी अपेक्षित प्रसूती. 37 आठवडे भरायच्या आत झाली तर अपुऱ्या दिवसांची. आता लातूरकडची बाई तारीख सांगत नाही, ‘येळवसच्या दिवशी आली होती’ म्हणते. हे उत्तम उत्तर आहे, फक्त पंचांग जवळ हवं. 2024 मध्ये येळवस दोनदा आली, 11 जानेवारीला आणि 30 डिसेंबरला. दुसरी धरली तर अपेक्षित तारीख 6 ऑक्टोबर 2025 येते. कुणी ‘येळवस म्हणजे जानेवारीची 11 तारीख’ असं गृहीत धरून 2025 साठीही तीच लिहिली, तर 12 दिवस चुकतात, आणि पूर्ण दिवसांचं बाळ तुमच्या तक्त्यात अपुऱ्या दिवसांचं होतं. पोळा, दिवाळी, गावची जत्रा यांच्या तीन वर्षांच्या तारखांचा एक कागद प्रश्नावलीला जोडून ठेवा. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी मिळाली तर तिचं माप जास्त भरवशाचं. म्हणून दिवस कशावरून मोजले, सण, आठवण, कार्ड की सोनोग्राफी, याचा रकाना वेगळा ठेवा.