नववीला टायपिंग कशाला?



"पोरांना टायपिंग कशाला? आधी गणित शिकवा," असे उपासनेनंतर एका काकांनी मला सुनावले. गणित हवेच. पण आपल्या सोलापूरची सेटलमेंट आठवा. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पारधी कुटुंबाचे घोडे अजून कागदावरच अडते. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, सगळे अर्ज आता ऑनलाइन. आमच्या एका मुलीचे आडनाव अर्ज भरणाऱ्याने चुकवले आणि तिची शिष्यवृत्ती अडकली. वडील अंगठा देणारे. चूक कोणाच्या ध्यानात येणार?

म्हणून वर्गात पहिला धडा एकच: स्वतःचे नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे टाइप करायचे. मग मराठी कीबोर्ड, अर्ज, एक्सेलमध्ये वसतिगृहाच्या किराण्याचा हिशेब.

सरकारी लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते. पदवीही लागते, तेव्हा या वर्गाने नोकरी मिळते असे मी म्हणणार नाही. पण नववीत बसलेला हात पुढे सुटत नाही.

तीच मुलगी आता वस्तीतल्या लोकांचे अर्ज 'सबमिट' करण्यापूर्वी वाचून देते. संगणक मात्र दोनच आहेत, मुले पाळीने बसतात. कोणाकडे चालू स्थितीतला जुना संगणक असल्यास कळवावे.