संगिनीच्या पात्यावरील इतिहास

देवरूख हे ज्याचे मुख्य ठिकाण आहे, तो संगमेश्वर तालुका ज्या रत्नागिरी जिल्ह्यात मोडतो, तो जिल्हा ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या फौजेचा भरतीचा मुलूख होता. 1768 मध्ये उभ्या राहिलेल्या आणि पुढे ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पलटणीच्या परंपरेत कोकणच्या मराठ्यांना मोठे स्थान होते, तर 1890 च्या दशकात थांबलेली महारांची भरती 1917 मध्ये ‘111 महार’ या पलटणीच्या उभारणीने पुन्हा सुरू झाली. त्यामुळे ब्रिटिश संगिनींचा, म्हणजे बंदुकीच्या नळीच्या टोकाशी बसवावयाच्या पात्यांचा, अभ्यास हा परक्या सैन्याचा अभ्यास ठरत नाही.

1857 च्या सुमारास प्रचारात असलेल्या 1853 नमुन्याच्या एन्फिल्ड बंदुकीची संगीन तिकोनी पात्याची असून तिला मूठ नसते. पात्याच्या बुडाशी असलेली पोकळ तोटी नळीवर सरकवून फिरवली की ती पक्की बसते. पुढे मूठ असलेल्या संगिनी रूढ झाल्या आणि त्यांपैकी संग्राहकाच्या हाती सर्वांत अधिक येणारी म्हणजे ली-एन्फिल्ड रायफलीसाठी केलेली 1907 नमुन्याची संगीन होय. जपानी संगिनीवरून बेतलेले हिचे पाते 17 इंच लांब असते आणि त्याच्या दोन्ही अंगांना लांब खोबण असते. ही खोबण रक्त वाहून जाण्यासाठी असल्याचा समज सर्वत्र आढळत असला, तरी पात्याची ताठरता राखून त्याचे वजन घटवणे एवढाच तिचा हेतू होता.

अशा संगिनीची खरी ओळख मुठीलगतच्या, धार नसलेल्या सपाट भागावर पटते. एका अंगाला मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, 1907 हा नमुन्याचा आकडा, त्याखाली निर्मितीचा महिना व वर्ष आणि विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन यांसारख्या कारखानदाराचे नाव असते. नवखा खरेदीदार 1907 हेच निर्मितीचे साल समजतो, परंतु खालचा ‘5 17’ असा आकडा ती संगीन मे 1917 मध्ये तयार झाल्याचे सांगतो. दुसऱ्या अंगाला सरकारी मालकीचा बाण, तपासनिसांचे शिक्के आणि पाते वाकवून पाहिल्याची फुलीसारखी खूण आढळते. आरंभीच्या संगिनींच्या आडपट्टीला असलेला हुकासारखा आकडा 1913 मध्ये रद्द झाला आणि वापरात असलेल्या असंख्य संगिनींचे आकडे कापले गेले, म्हणून मूळ आकडा टिकलेल्या संगिनीला मोठी किंमत येते. साहजिकच नवा आकडा डाख देऊन बसवण्याची लबाडीही चालते. मुठीच्या टोकाचे आरपार भोक, ज्यातून चिखल बाहेर पडे, ते 1916 पासूनचे असून जुन्या संगिनींनाही ते मागाहून पाडले गेले.

भारतीय संग्राहकाने मात्र कोलकात्याजवळच्या इशापूर रायफल कारखान्याच्या संगिनींकडे अधिक लक्ष द्यावे, कारण इंग्रजी ग्रंथांत त्यांना मिळणारी दुय्यम जागा अन्यायाची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लांब पाते गैरसोयीचे ठरल्याने ते 12 इंचांवर आणले गेले. जुने पाते कापून केलेल्या संगिनीत खोबण टोकापर्यंत पोचलेली दिसते, तर नव्याने घडवलेल्या आखूड पात्याला बहुधा खोबण नसतेच.

कोकणात अशी वस्तू सांभाळणे हे ओळखण्याहून कठीण आहे. पावसाळ्यात दमट झालेले चामड्याचे म्यान पात्याला गंज चढवते, म्हणून म्यान व पाते वेगवेगळे ठेवून पात्यावर शिलाई यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. खोबरेल तेल खवट होत असल्याने टाळावे. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेली संगीन शिक्के पुसट होऊन निम्मे मोल गमावते.

शस्त्र अधिनियम, 1959 खालील नियमांच्या अनुसूचीत तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर संगिनीचाही नावानिशी उल्लेख आहे, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यामुळे खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. म्हणून घरातील माळ्यावर पणजोबांची संगीन सापडल्यास ती घासण्यापूर्वी तिच्यावरील खुणांची छायाचित्रे काढावीत आणि ती बाळगण्याविषयी पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करावी.